तोंडी चालत नाही

"तोंडी चालत नाही, कागद आणा." हे वाक्य मी अकोल्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात एकतीस वर्षं बोललो. खिडकीच्या जाळीमागं बसून हे बोलायला एक वेगळीच ऐट असते. दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या हकिकतीत जे चुकलं ते दवाखान्याचं नाही, माझं आहे.

संपादकांनी नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले होते. आहेत तेवढे सांगतो. पण एक अनुभव गमतीचा नाही, आणि तो गाळून बाकीचे सांगितले तर ती लबाडी होईल. लबाडी मी आधीच पुरेशी केली आहे.

माझं काम रेकॉर्ड रूमचं. बाहेरच्या माणसाला दवाखाना म्हणजे डॉक्टर, नर्स आणि फार तर औषधाचं दुकान एवढंच दिसतं. रोगी बरा होऊन घरी गेल्यावर त्याच्या कागदांचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. ते माझ्याकडे येत. रोगी भरती झाला की त्याची फाइल तयार होते. कधी आला, काय तक्रार, कोणत्या तपासण्या, कोणती औषधं, सगळं तिच्यात. सुट्टी झाली की रोग्याच्या हातात डिस्चार्ज कार्ड पडतं आणि फाइल मागच्या अंगाला असलेल्या माझ्या खोलीत येते. मी तिच्यावर नंबर टाकायचो, रजिस्टरात चढवायचो, महिन्याचा गठ्ठा बांधायचो आणि मांडणीवर ठेवायचो. ठरावीक वर्षं उलटली की वरिष्ठांच्या सहीनं जुने गठ्ठे नष्ट करायचे. वाळवी, उंदीर आणि पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल एवढे माझे शत्रू.

फाइल ठेवायला अक्कल लागत नाही, काढायला लागते. डिस्चार्ज कार्ड घरी टिकत नाही. कोणाचं सारवताना गेलं, कोणाचं पोरांनी फाडलं. मग वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरनं "जुने कागद आणा" म्हटलं की माणसं माझ्या खिडकीशी येत. तेल्हाऱ्याकडचा एक माणूस असाच बापाचे कागद मागायला आला होता. साल विचारलं तर म्हणाला, "साल काही ध्यानात नाही बाबू. पन कापसाची दुसरी वेचाई चालू होती."

"आणखी काय आठवते?"

"आमच्या घरी पह्यली मोटरसायकल आली होती. बा तिच्यावर बसूनच दवाखान्यात आला."

"मोटरसायकलचा कागद आहे घरी?"

होता. रोग्याचा कागद हरवला, पण मोटरसायकलचा कागद त्यानं ट्रंकेत जपून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो घेऊन आला. मी साल पाहिलं, दुसरी वेचाई म्हणजे डिसेंबरच्या आगंमागं, दोन गठ्ठे सोडले आणि फाइल काढून दिली. लोक म्हणत, बाबूच्या डोक्यातच रजिस्टर आहे. मला ते ऐकायला फार आवडायचं.

रिद्धपूरचे एक म्हातारे महानुभाव बाबा होते. छातीच्या दुखण्यासाठी वर्षातून दोनदा येत. त्यांचे सगळे कागद तारीखवार लावून एका स्वच्छ फडक्यात बांधलेले. वर स्वतःच्या अक्षरात यादी. डॉक्टरनं काही मागावं आणि बाबांनी अंदाजानं बोट घालून तोच कागद काढावा. एकदा ते माझ्या खिडकीशी आले, "दंडवत" म्हणाले आणि जाळीतून आत पाहत राहिले.

"काय झालं, बाबाजी?"

"तुमचे गठ्ठे पाहून राह्यलो. गाठ चुकीची हाये. अशा गाठीनं कागदाची कडा तुटते. आमच्याकडे पोथ्या कशा बांधतेत, या, दाखवतो."

एकवीस वर्षं गठ्ठे बांधत होतो आणि हे मला गाठ शिकवणार. थोडा राग आला. पण शिकलो, आणि निवृत्तीपर्यंत तीच गाठ मारली. कडा तुटायच्या खरंच बंद झाल्या.

एक मास्तर होते. त्यांना पूर्वी कुठल्याशा इंजेक्शनची रिअॅक्शन आली होती. भरती होताना ते म्हणाले, माझ्या फाइलवर ठळक लिहा, हे इंजेक्शन मला देऊ नका. लिहिण्याचं काम माझं नव्हतं. मी तेव्हा सहज तिथं उभा होतो आणि न विचारता मध्ये पडलो. म्हटलं, तोंडी चालत नाही, जुना कागद आणा. मास्तर भडकले. "अहो, अंग माझं आहे, मी सांगतो आहे."

"अंग तुमचं असेल मास्तर, पण कागद कुठं आहे?"

नर्सनं मला बाजूला सारून ते लिहून घेतलं म्हणून बरं. हा किस्सा मी पुढं कितीतरी वर्षं हसत सांगितला. आता सांगत नाही.

दवाखान्यातल्या कोणत्याही माणसाला विचारा, तो आधी हसेल आणि मग कबूल करेल की स्टाफ कधी केस पेपर काढत नाही. डॉक्टर व्हरांड्यातून जाताना दिसले की, "सर, जरा बीपी पाहा ना." ते उभ्याउभ्या पाहणार, हातात असेल त्या चिठ्ठीच्या पाठीवर गोळी लिहिणार, संपलं. मला पंधरा वर्षांपासून बीपी आहे. मी सांभाळलेल्या एवढ्या गठ्ठ्यांत माझ्या नावाचा एकही कागद नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आणि स्टाफचं जे, तेच स्टाफच्या गणगोताचं. याला आमच्याकडे 'दाखवून देणं' म्हणतात. गावाकडून कोणी आलं की त्याला लाइनीत उभं करायचं नाही, मागच्या दारानं नेऊन डॉक्टरला दाखवून द्यायचं. आपल्या माणसाला लाइनीत उभं राहावं लागलं तर आपल्या नोकरीला अर्थ काय, असं मला मनापासून वाटे. साहेब होता आलं नाही, पण गावात माझा मान होता तो या दाखवून देण्याचा.

माझी धाकटी बहीण सुमन मोझरीजवळच्या एका गावात दिली आहे. घरची फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. मेहुणे लवकर गेले, तेव्हापासून शेत तिचा मुलगा गजानन पाहतो आणि सुमन मोझरीच्या आश्रमाच्या रस्त्यावर हार-फुलं विकते, म्हणजे विकायची. तिचं हार गुंफणं पाहत बसावं असं होतं. गिऱ्हाइकाशी बोलते आहे, तिसरीकडे पाहते आहे, आणि उजवा हात आपला दोरा फिरवतो आहे. एकही फूल तिरकं नाही.

माझ्या नातीच्या बारशाला ती अकोल्याला आली होती. सकाळी चहा पिताना तिच्या उजव्या हातातून कप सुटला. मी काही विचारलं तर तिला शब्द जुळेनात. पंधरा-वीस मिनिटं तसं राहिलं आणि मग सगळं जसंच्या तसं. "काही नाही, झोप नाही झाली," म्हणाली. मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. फाटकाशी उभी करून म्हटलं, थांब, हजेरी लावून येतो. आलो तर बाई फाटकाशी नाही. पाहतो तर केस पेपरच्या खिडकीपुढं बायांच्या लाइनीत उभी.

"इथं काहून उभी राह्यली?"

"कागद काढून राह्यली. सारेच काढतेत."

"तू माही बहीन आहेस. तू लाइनीत उभी राहशीन?"

"अरे भाऊ, नंबर येतेच आता. तीनच बाया हायेत पुढं."

मी तिचा हात धरून तिला लाइनीतून बाहेर काढली. चारचौघांसमोर, थोडं मोठ्यानं बोलून. बायांनी वळून पाहिलं ते मला बरं वाटलं.

आमचे फिजिशियन भले माणूस. त्यांनी लगेच छातीची पट्टी काढायला लावली, म्हणजे ईसीजी, आणि पट्टी पाहून गंभीर झाले. म्हणाले, "हृदयाचे ठोके अनियमित आहेत. त्यानं रक्ताची गाठ होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. आज आला तो लहान झटका होता. पुढचा लहान असेलच असं नाही." त्यांनी टेबलाच्या खणातून सॅम्पलच्या गोळ्या दिल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, चुकवायची नाही. आणि मला म्हणाले, "आठ दिवसांनी रीतसर केस पेपर काढून आण यांना. पूर्ण तपासू."

ती पट्टी मी शर्टाच्या खिशात ठेवली. दोन दिवसांनी शर्ट धुतला गेला.

आठ दिवसांनी सुमन आली नाही. लग्नसराई होती, फुलांना मागणी होती. मीही ताणून धरलं नाही. उलट निघताना मीच तिला बजावलं होतं, "गजूले काही सांगू नको. ताकदीच्या गोळ्या हायेत म्हनजो." पुढं मी डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन अमरावतीकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवत राहिलो. वर्षभर चाललं. मग ते डॉक्टर नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी तरुण डॉक्टर आले. मी गोळ्यांचा विषय काढला तर म्हणाले, "पेशंटचा केस पेपर कुठंय?" मला, रेकॉर्ड रूमच्या बाबूला, केस पेपर विचारला. मला अपमान वाटला. पुन्हा विचारू, पुन्हा विचारू म्हणत मी टाळत गेलो आणि गोळ्या पाठवणं बंद पडलं. सुमननं कधी मागितल्या नाहीत. भावानं पाठवल्या नाहीत म्हणजे आता गरज नसेल, असं तिनं धरलं असणार.

यानंतर आठ महिन्यांनी, दसऱ्याच्या आधी झेंडूची गडबड असताना, ती पहाटे पाचला मुलाशी बोलून शेतात गेली. साडेसातला गजूला ती झेंडूच्या वाफ्यात बसलेली दिसली. तोंड वाकडं, उजवं अंग लुळं, बोलता येत नाही. त्यानं जीप केली आणि तडक अमरावतीचा एक खाजगी दवाखाना गाठला. पोरानं काहीही चूक केली नाही.

नऊ वाजता मला फोन आला. मी नुकताच येऊन कुलूप काढलं होतं. "मामा, आईले लकवा मारला. डॉक्टर मॅडम बोलतेत." आणि एक स्पष्ट, घाईचा आवाज.

"काका, स्कॅन केला आहे, रक्तस्राव नाही, गाठ आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत. त्या पाचला ठीक होत्या, म्हणजे आपल्याकडे साडेनऊपर्यंत वेळ आहे. ठोके अनियमित दिसतात. मुलगा सांगतो, तुम्ही त्यांना कसल्या तरी गोळ्या देत होता, पुढचं त्याला ठाऊक नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? चालू असेल तर इंजेक्शन देणं धोक्याचं आहे. बंद असेल तर मी आत्ता देते."

मला माहीत होतं. आठ महिने मी एक गोळी पाठवली नव्हती आणि माझ्याशिवाय ती कोणाकडून मिळण्यासारखी नव्हती. "बंद आहे मॅडम, द्या." एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "मॅडम, मी इथं रेकॉर्ड रूमलाच आहे. कागद पाहून पक्कं सांगतो."

"काका, तोंडी सांगितलं तरी चालेल."

"नाही मॅडम, पक्कं सांगतो. थांबा."

असं का म्हणालो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एकतीस वर्षांची सवय हे एक उत्तर आहे आणि ते खरं आहे. डॉक्टरनं विचारलं की कागद पाहून बोलायचं, हे हाडीमाशी मुरलं होतं. दुसरंही उत्तर आहे. बंद आहे म्हटलं असतं तर बंद का आहे, हा प्रश्न आला असता आणि गजू शेजारीच उभा होता.

मग मी कागद शोधू लागलो. जो निघालाच नव्हता तो कागद. ईसीजीच्या खोलीत जाऊन जुनं रजिस्टर उघडलं, पानं उलटली. नंबर नव्हता तर नोंद कुठून असणार? ते ठाऊक असून उलटली. वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं, नव्या डॉक्टरांच्या टेबलाचा खण पाहिला. मोबाइल माझ्या टेबलावर राहिला होता. परत आलो तेव्हा पावणेदहा झाले होते आणि गजूचे सात कॉल येऊन गेले होते.

"मामा, टाइम निघून गेला म्हनतेत. कागद भेटला काय?"

"नाही भेटला रे."

"नाही भेटला" हे शब्द मी विचार करून वापरले. ऐकणाऱ्याला वाटावं, कागद होता आणि कुठं तरी हरवला. गजूला तसंच वाटलं. "एवढा मोठा दवाखाना अन् एक कागद सांभाळता येत नाही," असं तो पुढं ज्याला-त्याला सांगत राहिला. त्याच्या गावातून आमच्या दवाखान्यात येणारी माणसंसुद्धा कमी झाली. मी ऐकून घ्यायचो. वर्षभरानं मी निवृत्त झालो. शाल-श्रीफळ देताना ट्रस्टी म्हणाले, यांच्या काळात एकही फाइल हरवली नाही. ते खरंच होतं. टाळ्या वाजल्या आणि मी हात जोडले.

सुमन जगली. काठी घेऊन चालते. बोलते, पण एकेक शब्द शोधून, आणि शोधता शोधता कधी सोडून देते. उजव्या हाताची बोटं मिटलेली ती मिटलेलीच. ती दुकानाशी बसते, डाव्या हातानं फुलं रंगवार वेगळी करते आणि हार सूनबाई गुंफते. सूनबाईचा हार सैल होतो. सुमन तो पाहते आणि पुढची फुलं वेगळी करू लागते. मला मात्र तिनं कधी दोष दिला नाही. अजूनही कोणी आजारी पडलं की माझ्याकडे बोट करून म्हणते, "माहा भाऊ... दवाखान्यात."

यंदा उन्हाळ्यात तिला अमरावतीत एका नव्या डॉक्टरांकडे नेलं. बोटं थोडी तरी मोकळी होतील का, हे पाहायला. गजू होता, मी होतो. तरुण डॉक्टर, नवीन फाइल, सुरुवातीपासूनचे प्रश्न. वय, गाव, झटका कधी आला. गजू उत्तरं देत होता.

"त्याच्या आधी कधी असं काही झालं होतं? हात बधिर होणं, बोलता न येणं, थोडा वेळ?"

"नाही जी," गजू म्हणाला. "आधी काहीच नव्हतं."

डॉक्टरांनी लिहायला पेन टेकवला. मी एकतीस वर्षं फायली पाहिल्या आहेत. एकदा 'नाही' लिहिलं गेलं की ते पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत जातं आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर त्यावर विश्वास ठेवतो. मी म्हणालो, "थांबा. झालं होतं."

"कागद आहे त्याचा?"

"नाही. तोंडी सांगतो, लिहून घ्या."

आणि सांगितलं. कप, पट्टी, गोळ्या, कधीपर्यंत पाठवल्या, कधी बंद केल्या, का बंद केल्या. त्या सकाळी नऊ वाजता मला काय माहीत होतं, तेही सांगितलं. ते वैद्यकीय नव्हतं, डॉक्टरांनी ते लिहिलं नाही. ते मी गजूसाठी बोललो.

गजू म्हणाला, "म्हंजे कागद हरवलाच नव्हता, मामा."

"नव्हता. काढलाच नव्हता."

"अन् म्या तुमच्या दवाखान्याले इतकं बोललो."

"हो."

"अन् तुम्ही ऐकून घेत गेले."

त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलं, पूर्वी एक लहान झटका, भावानं सांगितल्याप्रमाणे. मी उलट्या बाजूनं वाचलं. सुमनच्या त्या पहिल्या झटक्याचा जगात तेवढाच एक कागद आहे, आणि तोही तोंडी सांगण्यावरून झालेला.

सुमन माझ्याकडे पाहत होती. ओठ हलत होते. शब्द शोधत असली की ती डावा हात मांडीवर घासते, तसा घासत होती. मला वाटलं, आता बोलेल. जे बोलेल ते ऐकायचं, असं मी मनाशी ठरवलं.

"मी..." ती म्हणाली. "मी... चौथी."

"काय म्हणतेस सुमे?"

तिनं डाव्या हाताची चार बोटं वर केली आणि दाराबाहेर केस पेपरच्या खिडकीपुढं बायांची लाइन होती, तिकडे मान वळवली.

"लाइनीत... मी... चौथी होती."

आरोप नव्हता तो. तिला आठवलं ते तिनं सांगितलं. मला तिचं तेव्हाचं "तीनच बाया हायेत पुढं" आठवलं, आणि मी धरलेला तिचा हातही आठवला. तो उजवा होता.